‘चष्म्याशिवाय तिरळेपणा घालवतो’ म्हणणाऱ्यांनी आम्हाला कसं फसवलं

माझ्या पाच वर्षांच्या मुलीचा डावा डोळा जवळचं बघताना नाकाकडे वळतो. नेत्रतज्ज्ञांनी ॲट्रोपिनचे, म्हणजे डोळ्यातल्या भिंगावरचा जोर तात्पुरता सैल करणारे, थेंब घालून तपासलं. प्लसचा मोठा नंबर निघाला, चष्मा दिवसभर लावायचा असं ठरलं. त्याच सुमारास एका ‘दृष्टी सुधार केंद्रा’ने सांगितलं, की चष्म्याने डोळे आणखी दुबळे होतात आणि व्यायामाने तिरळेपणा कायमचा जातो. चष्मा काढायला लावला, पूर्ण कोर्सचे पैसे आधी भरून घेतले. निदान मात्र लिहून दिलं नाही.

त्यांची हातचलाखी नीट समजून घ्या. ‘आधी’चा फोटो काढताना तिच्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं होतं. ‘नंतर’च्या फोटोत ती लांबच्या भिंतीकडे बघतेय. प्लस नंबरचं मूल स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातल्या भिंगावर जोर देतं आणि त्या जोरासरशी डोळे आत वळतात. लांब बघताना जोर कमी लागतो, तिरळेपणाही कमी दिसतो. डोळा होता तसाच होता!

नजर तपासायलाही दर वेळी तोच तक्ता, तीच अक्षरं. पाचव्या वर्षी मुलं पाठ करतात. चांगला डोळा झाकायला तिचाच तळहात, म्हणजे बोटांच्या फटीतून बघायची सोय. मग ‘एक ओळ वाढली’ म्हणून आमचं अभिनंदन.

सर्वांत जास्त राग येतो तो त्यांनी दाखवलेल्या संशोधनाचा. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास खरा आहे. प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली दवाखान्यात 12 आठवडे करून घेतलेले व्यायाम उपयोगी ठरले, हेही खरं. पण ती मुलं 9 ते 17 वर्षांची होती आणि त्यांचे डोळे जवळचं बघताना पुरेसे आत वळत नव्हते. माझ्या मुलीचे गरजेपेक्षा जास्त वळतात. तिच्याकडून पेन्सिल नाकाजवळ आणत डोळे आत वळवण्याचा सराव करून घेतला जात होता. नेमका उलटा!

पुन्हा नेत्रतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा डाव्या डोळ्याची नजर मागे पडलेली निघाली. डोळे एका रेषेत नसले की मेंदूला दोन चित्रं मिळतात आणि लहान मूल त्यातलं एक दाबून टाकतं. तो डोळा आळशी होतो. आता चष्मा पुन्हा सुरू आहे, उजव्या डोळ्यावर रोज 2 तास पट्टी आहे. चष्मा लावूनही किती तिरळेपणा उरतो ते बघून शस्त्रक्रियेचं ठरेल. केंद्राने पैसे परत दिलेले नाहीत. लेखी तक्रार केली आहे.

तुमचं मूल अशा कोर्सला जात असेल तर चष्मा आजच परत लावा. थेंब घालून नंबर काढला का, प्रत्येक डोळा पट्टीने पूर्ण झाकून वेगळा तपासला का, जवळचा आणि लांबचा तिरळेपणा वेगवेगळा मोजला का, हे विचारा आणि उत्तरं लेखी मागा. बाहुलीत पांढरी झाक दिसली किंवा डोळा अचानक वळला, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.