'ॲलन्सवर्थ' की 'डिसेंडंट': आधी कोणता बघावा?

कृष्णवर्णीय अमेरिकनांनी वसवलेल्या गावांवरचे हे दोन चित्रपट, दोन्ही २०२२ चे. पण बघण्याचा अनुभव अगदी वेगळा.

'डिसेंडंट' पावणेदोन तासांचा, रीतसर माहितीपट. गुलामांची आयात १८०८ पासून बेकायदा असतानाही १८६० मध्ये टिमोथी मीहर याने 'क्लोटिल्डा' जहाजातून सुमारे ११० आफ्रिकी माणसं अलाबामात आणवली आणि पुरावा नको म्हणून जहाज जाळून बुडवलं. गुलामी संपल्यावर त्यांतल्या काहींनी मोबील शहराजवळ आफ्रिकाटाउन वसवलं. जहाजाचे अवशेष सापडल्याची खात्री २०१९ मध्ये झाली. दिग्दर्शिका मार्गरेट ब्राउन यांच्या कॅमेऱ्यासमोर त्या आफ्रिकी माणसांचे वंशज बोलतात, चिडतात, जमीन आणि गावाभोवतीच्या कारखान्यांचा हिशेब मागतात. विषय नवा असेल तर निःशंकपणे इथूनच सुरुवात करा.

जेम्स बेनिंग यांच्या 'ॲलन्सवर्थ'मध्ये यातलं काहीच नाही. तासाभरात बारा महिन्यांची बारा दृश्यं, प्रत्येक सुमारे पाच मिनिटांचं. कॅमेरा जागचा हलत नाही, निवेदन नाही. एखादी इमारत, मोकळं आकाश, आणि आपण. गुलामीत जन्मून लष्करात लेफ्टनंट कर्नल झालेल्या ॲलन ॲलन्सवर्थ यांनी १९०८ मध्ये कॅलिफोर्नियात हे गाव उभारलं. कबूल केलेलं पुरेसं पाणी मिळालं नाही, १९१४ मध्ये रेल्वेने आपला थांबा शेजारच्या गावी हलवला, त्याच वर्षी कर्नल मोटारसायकलच्या धडकेत गेले. हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून आधी दहा मिनिटं वाचून घ्या, नाहीतर समोर नुसती लाकडी घरं दिसतील.

वाचून बसलात तर तीच घरं बोचायला लागतात. ती सरकारी उद्यानात नव्याने उभी केलेली किंवा डागडुजी केलेली आहेत. नीटनेटकी, रंगवलेली, आणि आत राहणारं कुणी नाही. एका महिन्यात मात्र वर्गात एक मुलगी येते. १९५७ मध्ये लिटल रॉक शहरातल्या, तोवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत जाताना जमावाने अडवलेल्या एलिझाबेथ एकफर्डसारखा तिचा पोशाख आहे, आणि ती ल्युसिल क्लिफ्टन यांच्या कविता वाचते. एरवी माणूस नसलेल्या चित्रपटात ही पाच मिनिटं फार मोठी होतात.

माझा कौल 'ॲलन्सवर्थ'ला, पण दुसरा म्हणून. आणि तो फोनवर, जेवता जेवता बघू नका. 'डिसेंडंट' घरी चार जणांत बघता येतो, मध्ये थांबून बोलताही येतं. 'ॲलन्सवर्थ'ला अंधार, मोठा पडदा आणि सलग एक तास द्या.