रोज एक पट्टी: चित्रपट्ट्यांचे संग्रह काही महिने वाचल्यानंतर

वर्तमानपत्रातल्या चित्रपट्ट्यांचे, म्हणजे चौकटी-चौकटींच्या छोट्या कॉमिक स्ट्रिप्सचे, जाडजूड संग्रह घ्यावेत का आणि घेतले तर वाचावेत कसे, हा प्रश्न ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गेले कित्येक महिने माझ्या टेबलावर चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स'चे तारीखवार खंड आहेत. जोडीला 'अँडी कॅप', 'टँक मॅक्नमारा' आणि 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज' यांच्या पट्ट्या. यातलं बरंचसं छापील वाचलं, काही फोनवर वाचलं. निवडताना एकच पाहिलं होतं: रोजचं घरगुती जगणं आणि खेळाचं मैदान या दोन्हींची थट्टा ज्यांत आहे अशाच पट्ट्या हव्यात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'निवडक' पुस्तकांच्या वाटेला जाऊ नका, तारखेच्या क्रमाने छापलेला संग्रह घ्या, शक्यतो कागदावर घ्या आणि रोज थोडाच वाचा. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण ही पट्टी मुळात दिवसाला एक या हिशोबानेच रचलेली असते.

हे मला खेळावरच्या पट्ट्यांमुळे नीट कळलं. आधी थोडा इतिहास सांगतो, त्याशिवाय पुढचा मुद्दा लक्षात येणार नाही. अमेरिकेत रोजची पट्टी रुजली तीच मुळी क्रीडापानावर. १५ नोव्हेंबर १९०७ रोजी 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'च्या क्रीडापानावर बड फिशर यांचा 'ए. मट' अवतरला. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणारा हा गडी, आणि तो पैसे लावायचा ते खऱ्या शर्यतीतल्या खऱ्या घोड्यांवर. सकाळी वाचकाने पट्टी पाहायची आणि घोडा जिंकला की हरला ते त्याच दिवशी कळायचं. पट्टी आणि खेळ यांच्यात काही तासांचंच अंतर होतं. पुढच्या वर्षी त्याला बुटका जोडीदार मिळाला, जेफ, आणि पुढे ती पट्टी 'मट अँड जेफ' म्हणून गाजली.

नंतर पट्ट्या एका वर्तमानपत्रापुरत्या राहिल्या नाहीत. वितरण करणाऱ्या संस्था एकच पट्टी शेकडो पत्रांना पुरवू लागल्या. ती सगळीकडे वेळेत पोचायची तर चित्रकाराने कित्येक आठवडे आधी काम हातावेगळं करायला हवं, आणि रंगीत रविवारच्या पट्टीला त्याहूनही आधी. मग कालच्या सामन्यावर आज विनोद करणार कसा? राजकीय व्यंगचित्रकाराला ती मुभा असते, पट्टीवाल्याला नसते. त्यामुळे खेळावरची पट्टी आपोआपच निकालापासून दूर गेली आणि जे कधीच शिळं होत नाही त्याच्याकडे वळली: हरणं, पावसाने सामना वाहून जाणं, झेल सुटणं, राखीव खेळाडू म्हणून ताटकळत बसणं. सुरुवातीला ती एक अडचण होती. माझ्या मते याच अडचणीने या प्रकाराचं सोनं केलं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण 'पीनट्स'मध्ये आहे. १६ ऑक्टोबर १९६२. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अजिंक्यपद मालिकेचा सातवा, निर्णायक सामना. न्यूयॉर्क यांकीज १-० ने पुढे, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा शेवटचा डाव, दोन खेळाडू धावा पुऱ्या करायला टपलेले आणि विली मॅकोव्ही फटका मारतो. फटका सणसणीत, पण थेट बॉबी रिचर्डसनच्या हातात. खेळ खलास. शुल्झ उत्तर कॅलिफोर्नियात राहणारे, जायंट्सचे चाहते. आता २२ डिसेंबरची पट्टी पाहा. पहिल्या तीन चौकटींत पट्टीचा नायक चार्ली ब्राउन आणि त्याचा मित्र लायनस शेजारी शेजारी बसलेत. काही बोलत नाहीत, काही करत नाहीत, तिन्ही चौकटी जवळपास सारख्याच. चौथ्या चौकटीत चार्ली ब्राउन आभाळाकडे तोंड करून आक्रोश करतो: मॅकोव्हीने चेंडू फक्त तीन फूट वरून का नाही मारला?

सामना होऊन दोन महिने उलटून गेलेत. बाकीचं जग केव्हाच पुढे निघून गेलंय आणि ही पोरं अजून तिथेच बसलीत. पट्टी छापून यायला लागलेला उशीर हाच विनोदाचा गाभा झाला. मग २८ जानेवारी १९६३. तोच देखावा, तशाच तीन गप्प चौकटी, आणि चौथीत पुन्हा तोच टाहो, फक्त आता तीन फुटांचे दोन फूट झालेत! ज्याने कधी आपला संघ शेवटच्या क्षणी हरताना पाहिलाय त्याला या एका फुटाच्या सवलतीचा अर्थ वेगळा सांगायला नको. मनातल्या मनात आपणही अशीच घासाघीस करत असतो.

या दोन पट्ट्यांच्या मध्ये पतंग आहेत, शाळा आहे, थंडी आहे. रोज पान-दोन पानं वाचत दुसऱ्या पट्टीपाशी पोचलो तेव्हा पहिली जवळजवळ विसरून गेलो होतो, आणि तिथे खदखदून हसलो. हीच जोडी 'खेळावरचे विनोद' अशा निवडक पुस्तकात समोरासमोर छापली तर दुसरीची सगळी ताकद जाईल. मधला काळ हाच विनोदाचा अर्धा भाग आहे.

याच पट्टीतली लुसी आणि तिच्या फुटबॉलचं तेच. ती चेंडू धरून बसते, चार्ली ब्राउन लाथ मारायला धावत येतो, ऐन वेळी ती चेंडू काढून घेते, तो पाठीवर आपटतो. लुसीने हे पहिल्यांदा केलं १९५२ मध्ये, आणि पुढे दरवर्षी शरद ऋतू आला की हा प्रसंग नव्या बतावणीने यायचा. सलग दहा वाचले तर कंटाळा येतो, तसं मुद्दाम करून पाहिलं. पण तारीखवार खंडात दोन फुटबॉलांच्या मध्ये एक अख्खं वर्ष जातं, त्या वर्षात लुसी कधी चांगलीही वागलेली असते, त्यामुळे चार्ली ब्राउन पुन्हा का फसतो ते पटतं. तसंच ३० मार्च १९९३ चं. चाळीसहून जास्त वर्षं हरत आलेल्या या मुलाने होमरन, म्हणजे बेसबॉलमधला सगळ्यात मोठा फटका, मारून सामना जिंकला, त्या पट्टीत एरवी फार काही नाही. क्रमाने वाचत तिथवर आलेल्या माणसालाच ती काय आहे ते कळेल. मी अजून त्या खंडापर्यंत पोचलेलो नाही, ती पट्टी सुटी पाहिली आहे, आणि तरीही तिथे क्रमाने पोचायची ओढ लागली आहे.

आता फोनबद्दल. सोय आहे, नाकारत नाही. पण बहुतेक ठिकाणी पट्टी एकेक चौकट करून दाखवतात, बोट सरकवलं की पुढची. मॅकोव्हीची पट्टी अशी वाचून पाहा. पहिली चौकट, बोट सरकवलं, तेच चित्र, पुन्हा सरकवलं, पुन्हा तेच. वाचकाला वाटतं फोन अडकला. कागदावर चारही चौकटी एकदम नजरेच्या टप्प्यात असतात. डोळा डावीकडून सुरू करतो, पण उजव्या टोकाला काहीतरी मोठं घडतंय हे कोपऱ्यातून दिसत असतं, आणि त्या ओढीमुळेच मधली शांतता जड होते. पट्टीची लय डोळ्याच्या या चालीवर बेतलेली असते. फोन आडवा धरून पूर्ण पट्टी एका ओळीत दिसत असेल तर ठीक, नाहीतर टॅब घ्या.

गंमत म्हणजे चौकटी सुट्या करण्याची कल्पना जुनीच आहे. 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली ती जागा वाचवणारी पट्टी म्हणून. चार सारख्या आकाराच्या चौकटी, संपादकाने त्या आडव्या लावाव्यात, उभ्या लावाव्यात, दोनावर दोन रचाव्यात. शुल्झ त्या साच्यात १९८८ पर्यंत अडकून होते, त्यानंतर चौकटी कमीजास्त करायला लागले. पण कशाही रचल्या तरी चारही चौकटी समोर असायच्या, एवढा फरक लक्षात ठेवावा. रविवारच्या पट्ट्यांचा तर वेगळाच जाच. वरची ओळ जागा नसेल तर संपादकाला कापता यावी अशी रचना ठेवावी लागे, म्हणजे चित्रकाराने त्या ओळीत महत्त्वाचं काही ठेवायचंच नाही. बिल वॉटरसन यांनी भांडून 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज'साठी अखंड अर्धं पान मिळवलं, आणि १९९२ नंतरचे रविवार पाहिले की भांडण कशासाठी होतं ते एका नजरेत दिसतं. ते फोनवर वाचूच नका.

याच मालिकेतला कॅल्व्हिनबॉल हा खेळावरचा मला सगळ्यात आवडलेला विनोद. शाळेतल्या बेसबॉलमध्ये कॅल्व्हिन या पोराचा पार कचरा होतो, तो संघ सोडतो, त्यावरूनही बोलणी खातो. मग घरी येऊन हॉब्ज या आपल्या खेळण्यातल्या वाघाबरोबर असा खेळ खेळतो ज्याचा एकच कायम नियम: तो दोनदा एकाच पद्धतीने खेळायचा नाही. शिस्तीच्या नावाखाली मुलांचा खेळ कसा हिरावला जातो, यावर लांबलचक लेख लिहून जे साधणार नाही ते या पट्ट्यांत साधलंय.

सगळंच इतकं टिकलेलं नाही, तेही सांगायला हवं. रेग स्माइथ यांचा 'अँडी कॅप' १९५७ मध्ये 'डेली मिरर'मध्ये आला. डोळ्यांवर ओढलेली टोपी, फुटबॉल, डार्ट्स, कबुतरांच्या शर्यती, पंचाशी हुज्जत. रेषा अशी की माणूस कोचावर नुसता पडलाय तरी हसू येतं. मैदानावरचे विनोद आजही ताजे आहेत. पण सुरुवातीच्या वर्षांत बायकोला मारण्यावर विनोद आहेत आणि ते वाचवत नाहीत. त्या काळी असं चालायचं म्हणून सोडून द्यावं, असं मला वाटत नाही. ती मारहाण विनोद म्हणून तेव्हाही वाईटच होती, आणि याच बायकोची, फ्लोची, फटकळ जीभ पुढे पट्टीचा खरा जीव झाली ते पाहता ती गरजेचीही नव्हती. मुलांच्या हाती हे संग्रह देण्याआधी स्वतः चाळा.

'टँक मॅक्नमारा'ची अडचण वेगळी. जेफ मिलर लिहायचे, बिल हाइंड्स काढायचे, १९७४ पासून. निवृत्त अमेरिकन फुटबॉलपटू टँक टीव्हीवर खेळाच्या बातम्या देतो, ही कल्पनाच झकास, आणि खेळातला पैसा, करार, समालोचकांची पोपटपंची यांच्यावर इतक्या थेट हल्ला करणारी दुसरी पट्टी माझ्या वाचनात नाही. पण ती बातम्यांच्या मागे धावते, म्हणून त्या वेळचे खेळाडू आणि वाद ठाऊक नसतील तर तिसऱ्या चौकटीत आपण मागे राहतो. टँकची जीभ अडखळते त्या पट्ट्या मात्र कोणालाही कळतात. हा संग्रह खेळाचा इतिहास आवडणाऱ्यांनीच घ्यावा.

घरगुती बाजूला 'ब्लाँडी' थोडी वाचली. १९३० ची मालिका, ब्लाँडीचा नवरा डॅगवूड आजही ऑफिसला उशीर झाला म्हणून धावत सुटतो आणि दाराबाहेर पोस्टमनला धडकतो. मजा येते, पण दिवसाला दोनच्या वर नको. आपल्याकडे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून रोज वाचलेल्यांना हे प्रमाण आपोआप ठाऊक असेल. पेपरात एकच पट्टी यायची आणि ती पुरायची.

'पीनट्स'च्या खंडांबद्दल थोडं कामाचं. पूर्ण संच २६ खंडांचा आहे, २००४ ते २०१६ या काळात निघालेला, एका खंडात साधारण दोन वर्षं. एका पानावर रोजच्या तीन पट्ट्या, रविवारची स्वतंत्र पानावर, प्रत्येकीखाली तारीख. बांधणी आडवी, टेबलावर उघडी राहते, झोपून वाचायला मात्र जड पडते. रविवारच्या पट्ट्या रंगीत नाहीत, ही माझी खरी तक्रार. पावसात भिजत पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, उंचवट्यावर एकटाच उभा असलेला चार्ली ब्राउन काळ्यापांढऱ्यात उलट जास्त परिणाम करतो, पण शरदातल्या पानांच्या ढिगाऱ्याला रंग हवाच होता.

सगळा संच एकदम घेऊ नका. सुरुवातीच्या दोन वर्षांत पात्रं अजून घडताहेत, स्नूपी चक्क चार पायांवर चालणारा साधा कुत्रा आहे. १९६१-६२ चा खंड आधी घ्या आणि त्याला लागून पुढचा, म्हणजे मॅकोव्हीच्या दोन्ही पट्ट्या हाती येतील. मागे विषयसूची आहे, त्यात बेसबॉल शोधता येतो, पण पहिल्या वाचनात ती उघडू नका.