एम्स चाचणीचं ३८४ वेलचं तयार किट: वापरून बनलेलं मत

एखादं रसायन डीएनए बिघडवतं का, हे जिवाणूंकडून काढून घ्यायची पद्धत ब्रूस एम्स यांनी १९७०च्या दशकात बर्कलीत घडवली. पहिल्या चाळणीसाठी तिच्या तोडीचं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही. मी ती वर्षानुवर्षं पेट्री प्लेटवर करत आले. आता द्रव माध्यमातलं तयार किट हाताखालून बऱ्यापैकी गेलंय, म्हणून हे लिहितेय. नमुने भरपूर आणि प्रत्येक नमुना जेमतेम चिमूटभर अशी तुमची अडचण असेल, तर किट जरूर घ्या.

चाचणीत साल्मोनेला जिवाणूचे जे स्ट्रेन (वाण) वापरतात, ते मुद्दाम अधू ठेवलेले असतात. हिस्टिडीन हे अमिनो आम्ल त्यांना स्वतः बनवता येत नाही, ते बाहेरून मिळालं नाही की वाढ थांबते. हे बिघडलेलं जनुक रसायनामुळे पुन्हा कामाला लागलं, की जिवाणू आपल्या जोरावर वाढतो. प्लेटवर त्याची कॉलनी दिसते. किटमध्ये वाढणारे जिवाणू माध्यम आंबट करतात आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पलचा जांभळा रंग पिवळा होतो. रसायनासोबत सुमारे दीड तास, मग ३७ अंशांना दोन दिवस, मग प्रत्येक डोसच्या ४८ वेलपैकी (वेल म्हणजे किटच्या प्लेटमधला छोटा खळगा) पिवळे किती ते मोजायचे. वितळलेला अगार ४५ अंशांवर धरून ठेवायचा आणि गोठायच्या आत ओतायचा, ही धावपळ संपली. मल्टिचॅनल पिपेट चालवता येणारा विद्यार्थी लवकर तयार होतो.

मला सगळ्यात मोठा फायदा वाटला तो एस ९ च्या बचतीचा. एस ९ म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या यकृताचा अर्क गुरुत्वाकर्षणाच्या ९००० पट जोराने (९००० जी) फिरवल्यावर वर राहणारा द्रव. तो लागतोच, कारण बेन्झो(ए)पायरीनसारखी रसायनं मुळात डीएनएला चिकटत नाहीत, यकृतातली एन्झाइम त्यांना घातक रूप देतात. एस ९ कमी लागला तर प्राणीही कमी लागतात, आणि ही गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते.

पण इथेच किट कमी पडतं. एस ९ चालतोय हे दाखवायला आमच्या किटमध्ये फक्त २-अमिनोअँथ्रासीन हे रसायन आलं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४७१ क्रमांकाची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की एकट्या त्याच्या भरवशावर एस ९ ची पारख करू नये. बेन्झो(ए)पायरीन वेगळं मागवा आणि प्रत्येक नवी बॅच त्यावर तपासा. अर्क मरगळलेला असेल तर खरोखर घातक रसायनही निर्दोष सुटतं, आणि तसं व्हायला नको म्हणूनच तर ही चाचणी करायची.

दुसरी उणीव मोजणीची. वेल पिवळा झाला म्हणजे आत एक उलटलेला (म्हणजे पुन्हा हिस्टिडीन बनवू लागलेला) जिवाणू होता की चार, ते कळत नाही. तीव्र म्युटाजेन (डीएनए बदलणारं रसायन) असेल तर वरच्या डोसना ४८ चे ४८ पिवळे होतात आणि डोस वाढवला तसा परिणाम किती वाढला, हे तिथून पुढे दिसेनासं होतं. प्लेटवर ही चढण मोकळेपणाने दिसते.

आणि विषारीपणा! प्लेटवर थोडं हिस्टिडीन दिलेलं असल्याने कॉलनींच्या मागे जिवाणूंचा फिकट लॉन उगवतो. तो विरळ झाला की अनुभवी डोळा ताबडतोब ओळखतो, रसायन जिवाणूंना मारतंय. किटमध्ये वेल जांभळेच राहिले तर म्युटेशन झालं नाही की जिवाणूच मेले? ते समजायला दीड तासाच्या टप्प्यानंतर गढूळपणा मोजावा लागतो. सोबतच्या माहितीपत्रकात याला जेमतेम एक ओळ दिलीय. प्रतिजैविकं तपासणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. नमुन्यात हिस्टिडीन असलं तर उलटी फसगत होते, न बदललेले जिवाणूही वाढतात.

इतकी काटेकोर मी का होते, तर १९७७ मुळे. लहान मुलांचे झोपायचे कपडे पेट घेऊ नयेत म्हणून त्यांवर ट्रिस नावाचं रसायन वापरत. एम्स आणि आर्लीन ब्लम यांनी त्याच्या धोक्याकडे बोट दाखवलं, ते जिवाणूंवरच्या या चाचणीच्या आधारावर. त्याच वर्षी अमेरिकेत अशा कपड्यांवर बंदी आली. अर्थात एम्स निगेटिव्ह आलं म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. ॲस्बेस्टॉस कर्करोग घडवतं, पण इथे पकडलं जात नाही.

किट निवडताना स्ट्रेन बघा. पाणी, सांडपाण्यासाठी आयएसओ ११३५० या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये टीए ९८ आणि टीए १०० वर काम भागतं. टीए ९८ फ्रेमशिफ्ट (डीएनएचा एखाद-दुसरा बेस, म्हणजे अक्षर, वाढल्याने किंवा गळाल्याने वाचन सरकणं) पकडतो, टीए १०० एका बेसच्या जागी दुसरा आलेला पकडतो. नियामकाला अहवाल द्यायचा असेल तर ४७१ प्रमाणे पाच स्ट्रेन लागतात, त्यात टीए १०२ किंवा ई. कोलाय डब्ल्यूपी२ हवाच. दोन स्ट्रेनचं स्वस्त किट घेऊन तिथे जाऊ नका.

उत्पादकांकडे एकच मागणी आहे. स्ट्रेन तपासायच्या डिस्क (रसायन लावलेल्या कागदी चकत्या) सोबत द्या. क्रिस्टल व्हायोलेटभोवती वाढ थांबली तर कोशिकेचं कवच अजून सच्छिद्र आहे, ॲम्पिसिलिनला टीए ९८ आणि टीए १०० दाद देत नसतील तर त्यांचा प्लाझ्मिड (जिवाणूतलं डीएनएचं वेगळं छोटं कडं) शाबूत आहे. एवढ्यासाठी प्रत्येक प्रयोगशाळेला वेगळी जुळवाजुळव करावी लागते.