साठीनंतरची प्रेमकथा आणि किंडल डायरेक्ट पब्लिशिंग : एका लेखिकेचा अभिप्राय

वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी माझी पहिली कादंबरी लिहून पूर्ण केली. मिरजेत तंबोरे घडविणारा एक विधुर कारागीर आणि सार्वजनिक वाचनालयातून निवृत्त झालेली एक विधवा ग्रंथपाल यांची ती प्रेमकथा आहे. दोघांची मुले मोठी, संसारात रमलेली. आणि या दोघांना एकमेकांचा सहवास हवासा वाटतो, एवढाच तिचा विषय आहे. चौतीस वर्षे जिल्हा परिषदेत टिपण्या आणि मसुदे लिहिण्यात गेल्यानंतर मी हे लेखन मनापासून केले, आणि ते वाचकांपर्यंत पोहोचावे अशी माझी तीव्र इच्छा होती. ते ज्या सेवेमुळे पोहोचले, त्या लेखकाला स्वतःच आपले ई-पुस्तक प्रकाशित करू देणाऱ्या ॲमेझॉनच्या ‘किंडल डायरेक्ट पब्लिशिंग’ या सेवेविषयी, म्हणजे ज्याला सगळे ‘केडीपी’ म्हणतात त्याविषयी, मी येथे लिहीत आहे. माझ्यासारख्या उशिरा लिहू लागलेल्या आणि संगणकाशी बेताचीच ओळख असलेल्या मराठी लेखकांना त्याचा उपयोग व्हावा, हा हेतू आहे.

केडीपीकडे मी थेट वळले नाही. दोन प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठविले होते. एकाचे उत्तर आले नाही. दुसऱ्यांनी सौजन्याने फोन करून सांगितले, की भाषा चांगली आहे, पण या वयातील नायक-नायिकेच्या प्रेमकथेला वाचक मिळणार नाही. त्यानंतर पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या एका संस्थेशी बोलणे झाले. तेथील प्रतिनिधी मला दर दोन दिवसांनी फोन करीत, ‘मॅडम’ म्हणून अत्यंत आदराने बोलत आणि ‘पॅकेज’ घेण्याचा आग्रह धरीत. कराराचा मसुदा आला, तेव्हा मी तो नोकरीतल्या सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन वाचला. छपाईचा सर्व खर्च माझा होता. तरीही पाच वर्षे प्रकाशनाचे हक्क त्यांच्याकडे राहणार होते, आणि तीनशे प्रती मीच विकत घ्याव्यात असे एक कलम शेवटच्या पानावर होते. मी सही केली नाही. वाचकांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की पैसे आपण भरायचे आणि हक्क दुसऱ्याकडे द्यायचे, असा करार कोणीही कितीही गोड बोलून पुढे केला तरी स्वीकारू नये.

केडीपीमध्ये नोंदणीला आणि प्रकाशनाला एक पैसाही लागत नाही, आणि पुस्तकाचे हक्क लेखकाकडेच राहतात. खाते आपल्या कायदेशीर नावाने उघडावे लागते, बँकेचा तपशील द्यावा लागतो आणि करासंबंधीची एक प्रश्नावली भरावी लागते. या प्रश्नावलीपाशी अनेक जण घाबरून थांबतात, कारण ती अमेरिकेच्या कर खात्याच्या नियमांनुसार असते आणि इंग्रजीत असते. प्रत्यक्षात ती शांतपणे वाचली तर अर्ध्या तासात होते. आपण अमेरिकेचे नागरिक किंवा करदाते नाही, हे सांगायचे आणि ओळख क्रमांकाच्या रकान्यात आपला पॅन क्रमांक लिहायचा. भारत आणि अमेरिका यांच्यातील करारामुळे तेथील विक्रीच्या मानधनावर ३० टक्क्यांऐवजी १५ टक्के कर कापला जातो. त्यासाठीच हा सारा खटाटोप असतो.

लेखकाचे नाव मात्र खात्यावरील नावापेक्षा वेगळे ठेवता येते. मी माहेरचे नाव दिले. लग्नानंतर एकेचाळीस वर्षांनी ते नाव मुखपृष्ठावर पाहिले, तेव्हा मी बराच वेळ काहीच बोलू शकले नाही. आमच्या सूनबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्याही शेजारी बसून राहिल्या. प्रेमकथा लिहिणाऱ्या अनेक जणींना नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या प्रश्नांची धास्ती असते, हे मला ठाऊक आहे. टोपणनावाची सोय त्यांच्यासाठी फार मोलाची आहे.

आता खऱ्या अडचणीच्या भागाकडे येते. ही अडचण केडीपीची नसून आपल्या देवनागरी टंकलेखनाच्या जुन्या सवयींची आहे, आणि माझे चार महिने तिच्यापायी गेले. मी दोनशे पानी वह्यांमध्ये हाताने लिहिते. त्या वह्या मी गावातील एका डीटीपी करणाऱ्यांकडे दिल्या. त्यांनी त्या आपल्या नेहमीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केल्या. छपाईसाठी असे फाँट वर्षानुवर्षे चालत आले आहेत. परंतु त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा निरर्थक गुंता दिसतो. ई-पुस्तकासाठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीतच, हवा. मग संपूर्ण कादंबरी एका रूपांतर करणाऱ्या प्रणालीतून काढण्यात आली, आणि माझ्या हाती जे आले ते पाहून मला रडू कोसळले.

जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, कारण ती दिसते डावीकडे. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठविली जाते. साध्या अक्षरांचे रूपांतर नीट झाले, पण जोडाक्षरांची दैना झाली. ‘स्थिती’ या शब्दातील वेलांटी ‘स’ आणि ‘थ’ यांच्या मध्येच अडकून बसली. त्याहून वाईट अवस्था ‘ऱ्य’ची झाली. आपल्याकडे ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. स्वयंपाक करणाऱ्या आचारी माणसाला ‘आचाऱ्याला’ म्हणतात आणि गुरूला ‘आचार्याला’. हा भेद त्या रूपांतरात पुसला गेला आणि प्रत्येक ‘ऱ्या’चा रफार झाला. माझी कादंबरी दुसऱ्या लग्नाविषयी आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द तिच्यात जवळजवळ प्रत्येक प्रकरणात येतो, आणि तो सर्वत्र ‘दुसर्या’ असा छापून आला होता. शोधा-बदला करून काही दुरुस्त झाले. पण ‘सूर्या’, ‘कार्या’ यांसारख्या ज्या शब्दांत रफारच बरोबर असतो, तेही त्या तडाख्यात बदलले जाऊ लागले. म्हणून शेवटी एक-एक ओळ डोळ्यांखालून घालण्यावाचून उपाय उरला नाही.

त्या वेळी मी एका निवृत्त मराठी शिक्षिकेला मुद्रितशोधनाचे काम दिले, आणि या सगळ्या प्रवासात सर्वांत योग्य ठिकाणी खर्च झालेले पैसे ते होत. बाईंनी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठराही नियम लावून मजकूर तपासला. त्यांपैकी चौदा १९६२चे आणि चार १९७२चे, हे मला त्यांच्याकडूनच कळले. शुद्धलेखनाच्या पलीकडेही त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली : माझी नायिका रागावली, की तिच्या तोंडी सरकारी पत्रातील भाषा येत असे. ते दोन प्रसंग मी पुन्हा लिहिले. केडीपी संपादन करून देत नाही आणि तसा दावाही करीत नाही. आपण दिलेला मजकूर ती जसाच्या तसा विक्रीला ठेवते. प्रकाशकाकडे संपादक, मुद्रितशोधक आणि चित्रकार अशी जी माणसे असतात, त्यांची निवड आणि त्यांचे मानधन ही लेखकाची जबाबदारी होते, हे आरंभीच समजून घेतलेले बरे.

शुद्ध मजकूर तयार झाल्यावरचे काम मात्र सोपे आहे. वर्डची फाइल चढविता येते, आणि पुस्तक वाचकाला कसे दिसेल ते पडद्यावर पाना-पानाने तपासता येते. मुखपृष्ठाची प्रतिमा २५६० पिक्सेल उंच आणि १६०० पिक्सेल रुंद असावी, अशी शिफारस आहे. आमच्या नातवाने एका तंबोऱ्याच्या भोपळ्याचे, खिडकीतून तिरपे ऊन पडलेले छायाचित्र काढले आणि तेच आम्ही वापरले. पुस्तकासाठी तीन विभाग आणि सात शोधशब्द निवडता येतात. ई-पुस्तकाला आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाची, सक्ती नाही. ॲमेझॉन स्वतःचा एक क्रमांक देते. ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबल्यावर ७२ तासांपर्यंत वाट पाहावी लागते, असे तेथे लिहिलेले असते. माझे पुस्तक दुसऱ्याच दिवशी दिसू लागले. नंतर चूक सापडली तर दुरुस्त फाइल पुन्हा चढविता येते; ज्यांनी आधी पुस्तक घेतले आहे त्यांच्याकडील प्रत आपोआप बदलेलच असे मात्र नाही.

पैशांचा हिशेब नीट समजून घ्यावा. मानधनाचे ३५ टक्के आणि ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ठरलेल्या मर्यादेत किंमत ठेवून पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत घालावे लागते. योजनेची मुदत ९० दिवसांची असते, ती वाढविता येते, आणि त्या काळात पुस्तकाची डिजिटल आवृत्ती साधारणतः अन्यत्र ठेवता येत नाही. वर्गणी भरून पुस्तके वाचण्याच्या ‘किंडल अनलिमिटेड’ या योजनेचे सदस्य असलेले वाचक असे पुस्तक वाचतात, तेव्हा वाचलेल्या पानांच्या संख्येवर मानधन मिळते. महिन्याचा हिशेब साधारण ६० दिवसांनी बँकेत जमा होतो.

या अटीमुळे मला एक जिवावरची गोष्ट करावी लागली. कादंबरीची पहिली आठ प्रकरणे मी ‘प्रतिलिपी’वर क्रमशः दिली होती. बंगळुरूत २०१४ मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठावर मराठीचा मोठा वाचकवर्ग आहे, आणि तेथील वाचक प्रत्येक भागाखाली मनापासून लिहितात. माझा नायक तार लावण्यापूर्वीच जवारीवरील, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्यावरील, दोरा सरकवून पाहतो, असे मी लिहिले होते. तंबोरा वाजविणाऱ्या एका वाचक ताईंनी कळविले, की आधी तार सुरात लावतात आणि मग दोरा हळूहळू सरकवून तिची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, उघडतात. त्या एका दुरुस्तीने तो प्रसंगच पालटला. नायिका ते ऐकत उभी आहे, दोरा केसभर सरकतो आणि स्वर भरून येतो, असे मी नव्याने लिहिले, आणि आजही वाचक त्याच पानाविषयी सर्वाधिक लिहितात. ती आठ प्रकरणे वाचकांच्या अभिप्रायांसह तेथून काढताना मला फार वाईट वाटले. ज्यांना वाचकांशी असा रोजचा संवाद हवा आहे, त्यांनी ‘सिलेक्ट’मध्ये जाण्याची घाई करू नये, असे मी म्हणेन. मानधन कमी मिळेल, परंतु लेखन सुधारेल.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी ई-पुस्तकाचा एक लाभ इतका मोठा आहे, की त्याची पुरेशी चर्चा होत नाही याचे मला आश्चर्य वाटते. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. आमच्या माई, म्हणजे माझ्या थोरल्या बहीण, मोतीबिंदूमुळे दोन वर्षे पुस्तके वाचू शकत नव्हत्या. त्यांच्या मोबाइलवर किंडलचे ॲप विनामूल्य घेतले आणि एका पानावर सात-आठ ओळी मावतील एवढे अक्षर केले. माईंनी कादंबरी नऊ दिवसांत वाचली. नंतर त्यांनी मला विचारले, “अगं, तो तंबोरेवाला खरोखरीच कोणी आहे का?” मी नाही म्हटले. त्या म्हणाल्या, “असायला हवा होता.”

सेवेतील मुख्य उणीव छापील पुस्तकाची आहे. केडीपी मागणीनुसार छापील प्रती पुरविते, पण ज्या देशांतील बाजारपेठांसाठी ही सोय आहे त्यांत भारत नाही. आपल्याकडे भिशीत, महिला मंडळात, हळदीकुंकवाला पुस्तक हातात देण्याची, वाचनालयाला भेट देण्याची पद्धत आहे. ई-पुस्तक तेथे पोहोचत नाही. म्हणून मी कोल्हापुरात स्वतंत्रपणे दोनशे प्रती छापून घेतल्या. त्यासाठी आयएसबीएन मी स्वतः घेतला. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो आणि व्यक्तिगत लेखकालाही ऑनलाइन अर्ज करता येतो. त्याचे वेगळे पैसे कोणी मागितल्यास देऊ नयेत. स्वतः प्रकाशक झाल्यावर १९५४च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवावी लागते. ते पार्सल टपाल कचेरीत वजन काट्यावर ठेवताना मला विलक्षण समाधान वाटले, कारण माझी नायिका ग्रंथपाल आहे.

केडीपीला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण कमी केला, तो छापील पुस्तकाच्या अभावासाठी आणि लेखकासाठीची बहुतेक माहिती इंग्रजीत असल्यामुळे. ज्यांना पुस्तकातून लवकर मोठी कमाई व्हावी असे वाटते, त्यांची निराशा होईल. माझ्या मानधनातून आजवर मुद्रितशोधनाचा खर्च भरून निघाला आहे आणि छपाईचा निम्मा. परंतु ज्या प्रेमकथेला वाचक नाहीत असे मला सांगण्यात आले होते, तिच्याविषयी मला नाशिकहून, बेळगावहून आणि न्यू जर्सीहून पत्रे आली, आणि त्यांतील बहुतेक पत्रे साठीच्या पुढील स्त्रियांची आहेत. त्यांतील एकीने लिहिले आहे, की तिने पुस्तक संपविले आणि त्याच संध्याकाळी एका जुन्या स्नेह्याला चार वर्षांनी फोन केला.

दुसऱ्या कादंबरीचा मसुदा गेल्या आठवड्यात मुद्रितशोधनासाठी बाईंकडे दिला. या वेळी मी तो पहिल्या अक्षरापासून स्वतःच युनिकोडमध्ये टाइप केला आहे, आणि प्रत्येक ‘ऱ्या’ जागच्या जागी आहे.