फॅमिली फिल्टर: आठ महिने, 462 रुपये 56 पैसे

गेल्या रविवारी आमच्या ब्रॉडबँडचा ‘फॅमिली फिल्टर’ बंद केला. महिना 49 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 57 रुपये 82 पैसे. जून ते जानेवारी गुणिले आठ. हा हिशोब नवऱ्याला तीनदा ऐकवून झालाय, आता तुम्ही ऐका.

घेतला होता धाकट्यासाठी. दुसरीत आहे. गाड्यांचे गेम शोधत कुठल्याशा फुकट साइटवर जायचा आणि बाजूला ज्या जाहिराती हलायच्या, त्या बघून सासूबाई उठून देवघरात गेल्या. फिल्टर लावला आणि ते थांबलं. खरंच थांबलं. भलतीकडे बोट पडलं की पांढरं पान आणि त्यावर छत्रीखाली उभं हसरं कुटुंब. ऑगस्टपर्यंत मी पाच तारे दिले असते. सरकारने सगळ्या कंपन्यांना हे सक्तीचं करावं, असं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलंही होतं. ते आता कोणी वर काढू नका.

सप्टेंबरात मोठीच्या वर्गात, म्हणजे सातवीत, मुलींना वेगळं बसवून पाळीची माहिती दिली. तिथे विचारायची लाज वाटली, म्हणून घरी येऊन तिने आरोग्याची एक साइट उघडली. छत्रीवालं कुटुंब हजर. खाली लाल अक्षरांत ‘प्रौढ मजकूर’. पोरीने लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस घुम्यासारखी होती. आपण काहीतरी घाण शोधलं, असं तिला वाटलं होतं. मला राग साइट अडल्याचा कमी आणि त्या लाल अक्षरांचा जास्त आहे. नुसतं ‘पान उघडत नाही’ म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

कॉल सेंटरला चार फोन केले. यादी वरून येते मॅडम, एकच साइट सोडता येत नाही, बंद करायचं तर सगळंच. याद्या कशा बनतात ते आपण पाहिलंय. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 857 साइट्स अश्लील म्हणून अडवायच्या होत्या, तपासल्यावर त्यातल्या 30 मध्ये तसलं काहीच निघालं नाही, म्हणून उरल्या 827. निदान तिथे कोणीतरी तपासलं तरी.

दिवाळीत दहावीतला भाचा आला. त्याने वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू केला, फिल्टर संपला. वर मलाच शिकवलं की वायफायवर राहूनही अँड्रॉइडमधली ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सेटिंग बदलली की काम होतं. साइटचं नाव दिलं की तिचा पत्ता सांगतं ते डीएनएस, आणि फिल्टर तिथेच बसलेला असतो. म्हणजे हे कुंपण दुसरीतल्या पोरापुरतं, दहावीतल्याला उडी मारता येते. आणि रील्समध्ये जे दिसतं त्याला फिल्टर हातच लावत नाही, कारण त्याला साइटचं फक्त नाव कळतं, आतलं काही नाही.

जानेवारीत लाइन दुरुस्त करायला आलेल्या पोराने चहा पिता पिता सांगितलं, ‘ताई, राउटरमध्ये डीएनएस 1.1.1.3 टाका, दुसऱ्या रकान्यात 1.0.0.3. पैसे लागत नाहीत.’ क्लाउडफ्लेअर नावाच्या इंटरनेट कंपनीची 2020 पासूनची, प्रौढ साइट्स अडवणारी सोय आहे ही. तीही धुतल्या तांदळाची नाही. सुरू झाली त्याच दिवशी समलैंगिकांसाठीच्या माहितीच्या साइट्स अडवून बसली होती, मग चूक कबूल करून सुधारली. पण इथे लावणं-काढणं माझ्या हातात आहे. नणंद इंग्लंडमध्ये असते. तिकडे 2013 पासून मोठ्या कंपन्या नव्या ग्राहकाला फिल्टर हवा का हे आधीच विचारतात, आणि नको झाला की ती स्वतःच्या खात्यातून काढते. सक्तीवरचं माझं मत आता एवढंच उरलंय: कंपनीने द्यावा, फुकट द्यावा आणि किल्ली घरात ठेवावी.

आमची किल्ली सासऱ्यांच्या फोनमध्ये होती. कनेक्शन त्यांच्या नावावर, ओटीपी त्यांना जातो. सप्टेंबरात कळूनही मी जानेवारीपर्यंत थांबले त्याचं कारण तो मेसेज. कॉल सेंटरच्या मुलीने वाचून दाखवला होता: ‘आपल्या कनेक्शनवर प्रौढ मजकूर सुरू करण्यासाठी ओटीपी...’ फिल्टर बंद करण्यासाठी, असं लिहायला यांची शाई सांडत होती का?

शेवटी रविवारी जेवणं झाल्यावर मागितला. अण्णांनी चष्मा लावला, सगळ्यांसमोर मेसेज मोठ्याने वाचला, मग सहाही आकडे सावकाश सांगितले. सासूबाईंनी ताटं उचलली. कोणी काही बोललं नाही.

जानेवारीचे 57 रुपये 82 पैसे परत मिळणार नाहीत. महिना सुरू झाला होता म्हणे.