पुरावा आधी की ओढ आधी?

"मी धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे" असं म्हणणाऱ्यापुढे ख्रिस्ती विश्वासाची बाजू मांडायच्या दोन वाटा आहेत.

पहिली इतिहासाची. बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, मेलेल्यांतून उठलेला ख्रिस्त पाचशेहून अधिक जणांना दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. हे इ. स. 55 च्या सुमाराचं लिखाण. म्हणजे जा, विचारा! ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ, हेही तोच सांगतो. नास्तिकाशी बोलताना हे भक्कम आहे. पण 'ऊर्जा', 'कंपनं', 'विश्वाचे संकेत' या भाषेत जगणारा माणूस पुनरुत्थान नाकारतच नाही. "छान, तुमचं सत्य तुम्हाला" म्हणून हसतो. तिथे पुराव्याची धार बोथट होते.

दुसरी वाट अथेनैची, म्हणजे ग्रीसमधल्या अथेन्सची (बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय 17). 'अज्ञात देवाला' ही तिथल्या एका वेदीवरची अक्षरं धरून पौल बोलू लागतो, अथेनैकरांच्याच कवींचा दाखला देतो. ऐकणाऱ्याची तहान तो खरी मानतो. (धोका मोठा आहे: पुष्कळ जण वेदीपाशीच थांबतात आणि ख्रिस्त आणखी एक गुरू होऊन बसतो.) पौल मात्र न्यायाच्या दिवसापर्यंत आणि पुनरुत्थानापर्यंत गेला. काहींनी थट्टा केली. दिओनुस्य, दामारी आणि आणखी काहींनी विश्वास ठेवला.

सुरुवातीला मला दुसरीच वाट पटते. पण शांती आणि ध्यानावर तासभर गोड बोलून क्रूसाचा विषय टाळायचा असेल, तर पहिलीचा रुक्षपणा परवडला.