लोटो की प्रीमियम बाँड?

ब्रिटनमध्ये नोकरीला आलं की वर्षभरात ही दोन्ही नावं कानावर येतातच: लोटो ही इथली राष्ट्रीय लॉटरी, प्रीमियम बाँड ही सरकारी बचत योजना. दूध आणायला जावं तर गल्ल्याशेजारी लोटोचं यंत्र, आणि ऑफिसात कुणीतरी सांगतं, "पैसे पडून आहेत ना, मग बाँड घेऊन टाक." माझ्या भाचीनं विचारलं, "मामा, दोन्हीकडे नशीबच ना, मग फरक काय?" तिला कागदावर मांडून दाखवलं, तेच इथे देतो.

आधी लोटो. तिकीट २ पाउंड. १ ते ५९ मधले सहा आकडे निवडायचे, सोडत बुधवारी आणि शनिवारी. १९९४ साली सुरुवात झाली तेव्हा आकडे ४९ होते आणि सहाच्या सहा जुळण्याची शक्यता सुमारे १ कोटी ४० लाखांत एक होती. २०१५ मध्ये फक्त दहा आकडे वाढवले आणि ती साडेचार कोटींत एक झाली. लोकांना दहाच आकडे वाढलेले दिसले. तीन आकडे जुळले तर ३० पाउंड मिळतात. ते साधारण ९६ तिकिटांत एकदा.

आठवड्याला दोन तिकिटं म्हणजे वर्षाला २०८ पाउंड, पाच वर्षांत १,०४०. तेवढ्या ५२० तिकिटांत तीन आकडे पाच-सहा वेळा जुळतील, म्हणजे दीडशेच्या आसपास परत. दोन आकडे जुळले की पुढचं एक तिकीट फुकट. बाकीचे पैसे गेले ते गेलेच. तिकिटाच्या पैशातले १२ टक्के थेट सरकारी कर, मोठा हिस्सा क्रीडा, कला, वारसा अशा कामांना. ते तुम्हाला देणगी वाटत असेल तर गोष्ट वेगळी.

जाता जाता: घरच्यांच्या वाढदिवसांचे आकडे टाकू नका. तारीख ३१ च्या पुढे जात नाही आणि सगळेच तारखा टाकतात. जिंकण्याची शक्यता त्याने बदलत नाही, पण जिंकलात तर वाटेकरी जास्त.

प्रीमियम बाँडचा हिशेब आपल्या चिठ्ठीवाल्या भिशीच्या जवळचा: नंबर लागो न लागो, मुद्दल आपलंच. अर्थमंत्री हॅरल्ड मॅकमिलन यांनी १९५६ च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर केली, पहिली सोडत जून १९५७ मध्ये. नंबर काढणाऱ्या यंत्राचं नाव 'अर्नी', आणि इथले म्हातारे त्याच्याबद्दल शेजारच्या काकांबद्दल बोलावं तसं बोलतात. एक पाउंडाला एक बाँड. किमान २५, कमाल ५०,००० पाउंड. व्याज नाही. सगळ्यांच्या व्याजाची रक्कम दरमहा बक्षिसांत वाटली जाते: २५ पाउंडांपासून दहा लाखांपर्यंत. पैसे कधीही काढता येतात, पण घेतल्यानंतर पूर्ण एक महिना गेल्याशिवाय बाँड सोडतीत येत नाही.

शक्यता बदलत असते. अलीकडे एका बाँडला महिन्याला २२,००० त एक अशी होती. त्या हिशेबाने हजार पाउंड ठेवले तर बावीस महिन्यांत सरासरी एक बक्षीस, तेही बहुधा लहान. वर्षभरात एकही न लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त! हे बाँडप्रेमी सांगत नाहीत. महागाई मुद्दल कुरतडत राहते ते वेगळंच. थोडे पैसे असतील तर साधं व्याज देणारं बचत खातं बरं. बँकेचं व्याज करमुक्त मर्यादेच्या वर जात असेल तर मात्र बाँडला अर्थ आहे, कारण बक्षिसावर कर नाही. लोटोच्या बक्षिसावरही नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरीत मोठं बक्षीस लागलं की ३० टक्के करात जातात, हे आठवून भाचीला हसू आलं.

घरून नात्यातलं कुणी "तुमच्या तिकडच्या लॉटरीचं तिकीट काढून ठेव, पैसे पाठवतो" म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत बंदी आहे.

भाचीने हजार पाउंड बाँडमध्ये ठेवले. ऑफिसच्या लोटो गटात ती अजूनही दर शनिवारचे दोन पाउंड भरते. मी विचारलं, तर म्हणाली, "मामा, मी एकटी सोडून बाकी सगळ्यांना लागली तर?"